निऱ्या मागे, फॉल आत

माझ्या कपाटात आज तीन किल्ट आहेत, स्कॉटलंडचे पुरुष नेसतात ते घागरे, आणि तिन्ही माझ्या बायकोच्या डोळ्यांत खुपतात. एक गडद हिरवा, लोकरीचा, इतका जड की हँगर वाकतो. एक लालभडक पॉलिएस्टरचा. त्याच्याकडे बघून आता मलाच कसंतरी होतं, पण टाकवत नाही. आणि तिसरा राखाडी, ना चौकडा ना रेघ, त्याचं शेवटी सांगतो. बायको म्हणते, माणसाला वयानुसार अक्कल येते, तुम्हाला परकर आले. हे वाक्य मी तिच्याच आवाजात मित्रांना म्हणून दाखवतो, ते हसतात, आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. सांगायचं काय, तर किल्ट ही मला पहिल्या नजरेत आवडलेली गोष्ट नव्हे. पहिला किल्ट मी कमरेला गुंडाळला तेव्हा विट्याहून शारजाला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. या उभ्या देशात तुला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो असं कुणी विचारलं असतं, तर मी म्हणालो असतो, पहिला दादाचा, दुसरा याचा.

दादा म्हणजे प्रशांत, माझा सख्खा थोरला भाऊ. आमच्या मधे तीन बहिणी, त्यामुळे तो माझ्याहून चांगला सतरा वर्षांनी मोठा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका स्टीलच्या कारखान्यात तो क्वालिटीचा इनचार्ज होता. पहिल्यांदा आला तेव्हा एका खोलीत आठ जणांत बंकबेडवर झोपला होता, हे त्याने मला आल्या दिवशी सांगितलं आणि नंतर रोज सांगितलं. फ्लॅट पाचव्या मजल्यावर, एका बेडरूमचा. तिथं तो, वहिनी आणि आठ वर्षांची इरा. मी हॉलमधल्या सोफ्यावर. पहाटे पाचला मला जाग यायची ती दादाच्या इस्त्रीने. फस्स. पुन्हा फस्स. स्वतःच्या पॅंटला दुसऱ्याच्या हातची इस्त्री त्याला चालायची नाही, आणि घडी अशी धारदार की कांदा कापावा. मग कुकरच्या शिट्ट्या, मग बाथरूममध्ये दादाचं खाकरणं, दार आपटणं, आणि तो गेला की घर श्वास सोडायचं आणि वहिनीचं मशीन सुरू व्हायचं. वहिनी घरबसल्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. आजूबाजूच्या चार बिल्डिंगांतल्या मराठी बायकांच्या साड्या आमच्या सोफ्याच्या पायथ्याशी येऊन पडायच्या. मी दोन महिने परक्या बायकांच्या पैठण्यांवर पाय ठेवून झोपलो आहे. जेवायला झुणका आणि खुबूस. ती अरबी रोटी गरम असेपर्यंत भाकरीची बहीण, गार झाली की चामडं. सोबत आईने माझ्याबरोबर पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. तिचा डबा मी विट्याहून मांडीवर घेऊन आणला होता. दादा तो आपल्या ताटाजवळ ठेवायचा आणि मला मागावी लागायची.

मी मागायचो त्याच्याच आवाजात, इथून आमचं बिनसलं. लहानपणापासून मला ही खोड. शाळेत मास्तर वर्गात यायच्या आधी मी त्यांच्या आवाजात हजेरी घ्यायचो आणि अर्धी पोरं 'हजर' म्हणायची. शारजात तर खजिनाच होता. खालचा किराणा विकणारा मल्याळी बकालावाला, पठाण टॅक्सीवाला, लिफ्टमध्ये मजला सांगणारी बाई, सगळे मला आठ दिवसांत यायला लागले. पण सगळ्यात भारी यायचा तो फोनवरचा दादा. घरात वाघ असलेला हा माणूस जीएम साहेबाचा फोन आला की सोफ्यावरून उभा राहायचा. उभा राहून, मान थोडी पुढे काढून, "नोटेड सर. डन सर. टुमारो सर, इन्शाल्ला सर." एका संध्याकाळी मी हे वहिनीला आणि इराला करून दाखवत होतो. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती, आणि अचानक हसायची थांबली. दादा दारात उभा होता, एक बूट पायात, एक हातात. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. इराला म्हणाला, "इरा, काकाला सांग. पुन्हा या घरात माझी नक्कल झाली तर बॅग दाराबाहेर असेल."

इरा माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. ती वळली आणि अगदी मन लावून म्हणाली, "काका, बाबा सेज युअर बॅग विल बी आउटसाइड."

त्या दिवसापासून दादा माझ्याशी थेट बोलला नाही. सगळं इरामार्फत. काकाला विचार आज किती ठिकाणी सीव्ही टाकला. काकाला विचार बी.कॉम. झालेल्या माणसाला एक साधी नोकरी का मिळत नाही. काकाला सांग बाथरूमचा लाइट चालू राहिलाय. इरा प्रत्येक वाक्य इंग्रजीत करून मला द्यायची आणि माझं उत्तर इंग्रजीत करून दादाला. मधे कधी कधी आपल्या मनाचं थोडं घालायची. "बाबा, काका सेज ही ट्राइड, बट ही इज सॅड." मी असं काही म्हटलेलं नसायचं.

नोकरी मिळाली ती शेट्टींकडे. शेट्टींची कंपनी इंडस्ट्रियल एरियाच्याच एका गोडाउनमध्ये होती. हॉटेलांना, लग्नांना, दुकानांच्या उद्घाटनांना लागेल ते पुरवायची. उंट पाहिजे, उंट. फुग्यांची कमान पाहिजे, कमान. आणि स्कॉटिश बॅगपाइप बँड पाहिजे, तर तोही. आम्ही चौघे होतो. त्यातला खरा वाजवणारा एकच, नेगी उस्ताद. गढवालचे, फौजेतल्या पाइप बँडमधून रिटायर झालेले, ताठ, मिशांना मेण लावणारे. बाकीच्या आम्हा तिघांच्या पाइपमधली वाजणारी पट्टी काढून टाकलेली होती. आम्ही फक्त काखेत पिशवी धरायची, गाल फुगवायचे, बोटं हलवायची आणि पावलात पाऊल टाकून चालायचं. शेट्टी म्हणाले, चार दिसले की लोकांना चार ऐकू येतात. मला दोन मिनिटं चालवून बघितलं आणि लगेच घेतलं. इतका हुबेहूब न वाजवणारा माणूस त्यांना आजवर मिळाला नव्हता. व्हिसाचं काय, विचारलं तर म्हणाले, दोन-चार मोठे शो नीट कर, मग कागद घालतो. माझ्या व्हिजिट व्हिसाचे तीन आठवडे उरले होते.

आणि मग त्यांनी मला तो लाल चौकड्यांचा किल्ट दिला. काय सांगू तुम्हाला. मी विट्याचा. आमच्याकडे पुरुषाने घरात नुसता टॉवेल गुंडाळून फिरलेलं चालतं, पण याला घेर होता हो. पुढे सपाट, मागे निऱ्याच निऱ्या, पोटावर तंबाखूच्या चंचीसारखा एक केसाळ बटवा, पायांत गुडघ्यापर्यंत मोजे, आणि मधे माझे उघडे गुडघे. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या गुडघ्यांची लाज वाटली. मी आतून सायकलवाल्यांची काळी चड्डी घालायचो, किल्ट होईल तेवढा खाली ओढायचो, आणि चालताना एक हात मागे धरायचो. नेगी उस्ताद त्या हातावर छडी मारायचे. त्यांचे नियम कडक. गुडघे टेकून बसायचं, कड जमिनीला नुसती शिवली पाहिजे. वर राहिली तर बेशरम, जमिनीवर पडली तर बाई. हे त्यांचे शब्द. माझा किल्ट कायम बाई असायचा. मला ते नावाने हाक मारत नसत, डब्बा म्हणत. "डब्बे, सीधा चल." वाजत नाही तो डब्बा. मी मनात म्हणायचो, उस्ताद, एकदा पगार होऊ द्या, हे फडकं तुमच्या मिशांना बांधून विट्याला जातो.

घरी मी सांगितलं होतं, इव्हेंट मॅनेजमेंट. दादाने इरामार्फत विचारलं, त्यात काय मॅनेज करतो. मी इरामार्फत सांगितलं, लोक. किल्ट मी लाँड्रीच्या पिशवीत घालून न्यायचो-आणायचो. एकदा मी अंघोळीला गेलो आणि बाहेर आलो तर वहिनी तो हातात धरून बसलेली, चेहरा पांढराफटक. तिला वाटलं, पोरीचा स्कर्ट. "भाऊजी, खरं सांगा, कोण आहे ती?" मी म्हटलं, वहिनी, ती मीच. मग सगळं सांगितलं, नेसून दाखवलं, गाल फुगवून हॉलभर मुका बँड वाजवत फिरलो. इरा शाळेतून येऊन दप्तरासकट दारात उभी राहिली आणि मग माझ्यामागून गाल फुगवून चालायला लागली. वहिनी इतकी हसली की मशीनचा आधार घेऊन बसली. पण हसणं संपलं तशी तिची नजर बदलली. ती कपड्याकडे बघायला लागली. म्हणाली, निऱ्या मागे कशा? बसलात की चुरगळणार. निऱ्या पुढे पाहिजेत, नाभीखाली खोचलेल्या. तिने मला उभं करून तो फिरवला, निऱ्या पुढे आणल्या, चापून बसवल्या, पिन लावली. मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी तसाच गोडाउनवर गेलो. नेगी उस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पार्किंगला तीन चकरा मारायला लावल्या, निऱ्या मागे घेऊन.

पण वहिनीने दुसरी एक गोष्ट केली ती मात्र टिकली. मी तिला म्हटलं होतं, वारा आला की उडतो. ती म्हणाली, उडणारच, कडेला वजन कुठंय? आणि तिने साडीला लावतात तसा आतून फॉल लावला. लाल, मॅचिंग, बारीक टाके, बाहेरून दिसणार नाही असे. दुसऱ्या दिवशी मी तो नेसून चार पावलं टाकली आणि थांबलो. परत चार टाकली. निऱ्या मागे एकदम उजवीकडे जायच्या, एकदम डावीकडे यायच्या, आणि पाय थांबला की पोटरीवर एक हलका फटका देऊन शांत व्हायच्या. मी गोडाउनच्या काचेत पाठमोरा होऊन बघत होतो. मागून नेगी उस्ताद आले, वाकले, कड उलटी करून बघितली. फॉल बघून त्यांचा चेहरा लाल झाला. किल्टच्या कडेला दुमड नसते, शिवण नसते, फौजेत कुणी असं केलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी मला दहा मिनिटं सांगितलं. मी ऐकत उभा होतो आणि उभ्या उभ्या हळूच कंबर हलवत होतो, निऱ्या फिरतात का बघायला. पहिल्यांदाच मला त्या कपड्यात जरा बरं वाटलं होतं. हे मी तेव्हा कुणालाही कबूल केलं नसतं.

मग अल ऐनचा शो आला. शेट्टींनी सांगितलं, कुठल्या तरी कंपनीचा फॅमिली डे आहे, शुक्रवारी दुपारी, हॉटेलच्या लॉनवर. हा नीट झाला की सोमवारी तुझे कागद. त्याच आठवड्यात घरी वहिनी दादाचा कोट बाहेर काढून उन्हात टाकत होती. शुक्रवारी त्याच्या कंपनीचा फॅमिली डे, अल ऐनला, त्याला पंधरा वर्षांच्या नोकरीची ट्रॉफी मिळणार होती, जीएमच्या हातून. मी सोफ्यावर बसून हिशेब जुळवला: तोच शुक्रवार, तेच अल ऐन. वहिनीला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. तिने गॅस बंद केला. ती म्हणाली, "ह्यांनी ऑफिसात सांगितलंय, धाकटा भाऊ ऑडिटमध्ये आहे म्हणून." थोडा विचार करून म्हणाली, टोपी डोळ्यांवर ओढा, चौघांत एक, कोण बघतंय. इराला मात्र काही सांगू नका. आम्ही दोघांनी ठरवलं आणि दोघांचंही चुकलं. सांगायला हवं होतं ते इरालाच.

लॉनवर ऊन होतं, मागे डोंगर, पांढऱ्या खुर्च्या, बिर्याणीचा वास, आणि पोरांच्या तोंडाला रंगवलेले वाघ. पुढच्या रांगेत दादा कोटात, गुडघ्यांवर हात, पॅंटची घडी सरळ. आम्ही चौघे मागून वाजवत आलो, म्हणजे नेगी उस्ताद वाजवत आले. जीएम साहेब आमच्या मागे. मी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, गाल फुगवलेले, निऱ्या झोकात. दादासमोरून गेलो. त्याने बघितलं आणि मला कळलं की त्याने ओळखलं. चेहरा हलला नाही, फक्त गुडघ्यावरची बोटं आत वळली. मी पुढे गेलो असतो, सगळं निभावलं असतं, पण आम्ही स्टेजपाशी थांबलो, सूर संपला, टाळ्या संपल्या, आणि त्या शांततेत इरा खुर्चीवर उभी राहिली. "दॅट्स माय काका! त्याचं वाजत नाही! हिज वन डझन्ट मेक एनी साउंड!"

लोक हसले. जीएम साहेब पण हसले, माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं. म्हणाले, "इज ही युअर ब्रदर, प्रशांत?"

दादा उभा राहिला. मान थोडी पुढे. ती मान मला पाठ होती. "नो सर. नो, नो. शी इज कन्फ्यूज्ड, सर. ही लिव्ह्ज इन अवर बिल्डिंग."

साहेबांनी चेष्टेतच मला विचारलं, काय रे, ओळखतोस का या छोट्या बाईसाहेबांना? आता बघा, माझ्याकडे तिथं बरंच काही म्हणण्यासारखं होतं. मी नुसता हसून मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मला राग आला होता, आणि राग आला की माझ्या तोंडून माझा आवाज येतच नाही. मी टाच टाचेला मारली, छाती काढली, आणि नेगी उस्तादांच्या आवाजात, त्यांच्या त्या डोंगरी हिंदीत म्हणालो, "नहीं साब. हम तो गढवाल से हैं. बच्ची को गलतफहमी हुआ." इतकं हुबेहूब की शेजारच्या दोघांनी उस्तादांकडे बघितलं. दादा माझ्याकडे बघत होता. हे मी त्याच्यासाठी केलं नव्हतं, हे त्याला कळलं होतं. तू नाही म्हणतोस काय, मग बघ नाही कसं म्हणतात.

इरा खुर्चीवरून उतरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हळू म्हणाली, "काका?"

मी त्याच आवाजात म्हणालो, "बेटा, हम आपके काका नहीं हैं."

तिने माझ्या किल्टची कड उलटी करून बघितली. आतला फॉल बघितला, आईचे टाके बघितले. मग कड सोडली आणि जागेवर जाऊन बसली. दादाला ट्रॉफी मिळाली. मी टाळ्या वाजवल्या, गढवाली माणूस वाजवेल तशा.

परतताना व्हॅनमध्ये नेगी उस्ताद माझ्या शेजारी बसले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मेरी आवाज़ में झूठ बोला तूने. अगली बार अपनी आवाज़ में बोलना." त्यानंतर त्यांनी मला कधी डब्बा म्हटलं नाही. बरेच दिवस काहीच म्हटलं नाही.

घरी पोचलो तर ट्रॉफी शोकेसवर होती आणि तिच्याशेजारी माझ्या परतीच्या तिकिटाचा प्रिंट. दादा कोट न काढता बसला होता. वहिनी ओट्यापाशी पाठ करून. मी इराकडे बघितलं, आता दुभाषी लागेल म्हणून, पण ती टीव्हीसमोर बसली होती आणि टीव्ही बंद होता. दादा दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "आज तुझी नक्कल चांगली झाली."

मी म्हटलं, "तुझी जास्त चांगली झाली, दादा. भाऊ नसल्याची."

तो उठला. मला वाटलं मारतोय. त्याने चटणीचा डबा उचलला, माझ्यासमोर टीपॉयवर ठेवला, म्हणाला, "हाही घेऊन जा," आणि आत जाऊन दार लावलं. पंधरा वर्षं तो त्या कारखान्यात कुणाला हसायला जागा न देता जगला होता आणि मी चार पावलांत ते घालवलं होतं, हे मला आज दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं, आणि खरं सांगू का, आज दिसलं म्हणून राग गेलाय असंही नाही.

सकाळी इस्त्रीच्या आवाजाआधी मी उठलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, नोकरीसाठी नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, बाहेर जायला किल्ट नेसलो. मोजे, बटवा, टोपी, सगळं. किल्ट मुद्दाम दोन बोटं वर बांधला. बॅग घेतली, डबा घेतला आणि लिफ्टने प्रत्येक मजल्यावर थांबत खाली गेलो. जो दिसेल त्याला, माझ्याच आवाजात सांगत गेलो, मी पाचव्या मजल्यावरच्या प्रशांत साहेबांचा सख्खा भाऊ. दूधवाल्याला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना दोनदा सांगितलं, त्यांना कमी ऐकू यायचं. दादाची गाडी पार्किंगमधून निघाली तेव्हा मी फाटकात उभा होतो. त्याने हॉर्न दिला. मी बाजूला झालो आणि कडक सलाम ठोकला.

सोमवारी शेट्टींनी कागद घातले. क्लायंट खूश होता म्हणे, पोरीचा तो विनोद त्यांना कार्यक्रमातलाच वाटला. मी गोडाउनजवळच एका खोलीत सहा जणांत राहायला गेलो, बंकबेडवर, वरच्या. पुढची दोन-तीन वर्षं मी किल्ट घातला तो निव्वळ खुन्नस म्हणून. जितका लाल तितका बरा, जितका आखूड तितका बरा. मराठी मंडळाच्या गणपतीला मी किल्टवर आरतीला गेलो, दादा दुसऱ्या टोकाला झांज घेऊन उभा असताना. अध्यक्षांनी मला कोपऱ्यात नेऊन समज दिली आणि मी त्यांच्याच आवाजात त्यांची माफी मागितली. पण खुन्नस किती दिवस पुरणार? मुक्या पिशवीत गाल फुगवायचा कंटाळा आला तसा मी नेगी उस्तादांच्या पाया पडलो, वाजवायला शिकवा म्हटलं. त्यांनी सहा महिने नुसती बोटं घासून घेतली. खरा सूर यायला लागला तसा लाल रंग डोळ्यांना टोचायला लागला. फुंकणाऱ्या माणसाला मिरवायला सवड नसते, दम पुरत नाही. मग मी तो हिरवा घेतला, लोकरीचा, वाळवंटात घालायला अगदी नालायक, पण त्याच्या निऱ्या चालताना बोलतात. लांबी पुन्हा गुडघ्यापर्यंत आली. एक म्हणजे उस्तादांचा नियम, आणि दुसरं म्हणजे चाळिशीकडे झुकलेले गुडघे कुणी बघू नयेत. उस्ताद गावी परत गेले. मी अल ऐनला आलो, शाळांच्या बँडना शिकवतो. पोरं पहिल्या दिवशी किल्ट खाली ओढतात, तेव्हा मी काही बोलत नाही.

दादाचं आणि माझं तसंच राहिलं. आई गेली तेव्हा विट्याला शेजारी शेजारी पाटांवर बसलो आणि भटजींमार्फत बोललो. वहिनी मात्र माझा एकही किल्ट फॉलशिवाय राहू द्यायची नाही. कुणी ना कुणी इकडून तिकडे जायचं, त्याच्या हाती पिशवी जायची, पिशवी यायची. आणि इरा त्या शुक्रवारनंतर मला काका म्हणाली नाही. कुठे लग्नात, गणपतीला भेटली तर 'हॅलो अंकल.' इथली पोरं टॅक्सीवाल्याला, शेजाऱ्याला, दुकानदाराला, सगळ्यांना म्हणतात तसं. मला वाटायचं, लहान होती, खरंच फसली असेल, मग सवय लागली असेल. मी हे स्वतःला सोळा वर्षं सांगितलं.

गेल्या थंडीत दादाला कंपनीने गोड शब्दांत घरी बसवलं. तो आणि वहिनी पुण्याला निघाले. निघायच्या आधी वहिनीकडे माझा तो तिसरा, राखाडी किल्ट फॉलसाठी गेलेला होता. आजकाल मला असाच लागतो, साधा, नुसता चालायला बरा. तो द्यायला इरा आली, आता चोवीस वर्षांची, स्वतःच्या गाडीने, गॉगल डोक्यावर. बायकोने चहा टाकला. इरा म्हणाली, लवकर ट्राय करा अंकल, यल्ला, मला लगेच परत निघायचंय. मी नेसून आलो, सवयीने फरशीवर गुडघे टेकले आणि तिला म्हटलं, मागून बघ जरा, कड लागतेय का. ती माझ्यामागे फरशीवर बसली. आणि तिचं तोंड मला दिसत नव्हतं म्हणून असेल, मी विचारलं, अल ऐनचं ते आठवतं का तुला, तुला खरंच वाटलं होतं का की मी तो नव्हे.

"आय वॉज एट, अंकल. नॉट ब्लाइंड." तिने कड थोडी ओढली. "बाबा सेड नो. देन यू सेड नो. सो, ओके."

गुडघे दुखायला लागले होते. मी विचारलं, वहिनीने या वेळी मोठे टाके का घातलेत, हाताला लागतायत. ती म्हणाली, "आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही. फॉल मी लावलाय. यूट्यूबवर बघून. टू डेज लागले मला." मग उठली, गाडीची किल्ली घेतली, चहा अर्धाच प्यायली, दारात म्हणाली, बाय अंकल.

फॉल वाकडा लागलाय. डावीकडे कड अर्धा इंच खाली लोंबते. नेगी उस्तादांनी बघितली असती तर पार्किंगला तीन चकरा ठरलेल्या. बायको परवा म्हणाली, द्या इकडे, उसवून नीट घालते. मी किल्ट तिच्या हातातून काढून घेतला आणि तसाच नेसून शाळेत गेलो.